शिळे आणि उष्टे

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असा निरोप आला, तेव्हा आम्ही चौघांनी मिळून एकच लेख लिहावयाचे ठरविले. आम्ही चौघेही या शाळेचे आणि तिच्या वसतिगृहाचे विद्यार्थी. तुकड्या निराळ्या, गावे निराळी. परंतु पाचवी ते दहावी ही वर्षे एकाच छपराखाली, एकाच पंगतीत गेलेली. आज नोकरीच्या निमित्ताने आम्ही इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात राहतो. दोघी इस्पितळात परिचारिका आहेत, एक जण अभियंता आहे, एक जण बस चालवितो. महिन्यातील एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमावे, मिळून स्वयंपाक करावा, जेवावे आणि मग मुलांना मराठी वाचावयास बसवावे, असा परिपाठ गेली काही वर्षे चालू आहे.

शाळेने आपल्याला काय दिले, हे सांगणारे लेख या अंकात पुष्कळ असतील आणि ते आमच्याहून अधिकारी मंडळींनी लिहिलेले असतील. आम्ही एका खाद्यपदार्थाविषयी लिहीत आहोत. तो इंग्रजांचा आहे, शिळ्या पावाचा आहे, आणि तो घरी करू लागल्यापासून शाळेच्या भोजनगृहातील एक जुनी गोष्ट आम्हांला नव्याने उमगली आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा. पदार्थापासून भोजनगृहापर्यंतची वाट फार लांब नाही.

पदार्थाचे नाव ‘ब्रेड अँड बटर पुडिंग’. आपल्याकडे पुडिंग म्हटले की दुधाचा, साच्यातून काढलेला गोड पदार्थ डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडात मात्र जेवणानंतर जे काही गोड खातात, त्या सगळ्यालाच पुडिंग म्हणण्याची रीत आहे. त्यातही काही पुडिंगे घराघरांत विशेष मायेची मानली जातात, आणि त्यांत हे एक. पावाचे लोणी लावलेले काप, मध्ये बेदाणे, वरून दूध-अंड्यांचे मिश्रण, आणि ओव्हनमध्ये भाजून आलेला सोनेरी पापुद्रा, एवढेच त्याचे रूप. नोव्हेंबरात येथे दुपारी चारलाच अंधारून येते. अंगाला लागेल न लागेल असा पाऊस दिवसभर पडत राहतो. अशा संध्याकाळी हे पुडिंग ओव्हनमधून निघाले की जायफळाचा वास घरभर पसरतो. आजारातून उठलेल्या माणसाला, शाळेतून भिजून आलेल्या मुलाला, घरात कोणी गेल्यानंतर जेवणावरची वासना उडालेल्यांना येथील लोक हेच करून घालतात. आपल्याकडे ऊन ऊन मऊ भात आणि त्यावर तुपाची धार यांचे जे स्थान, तेच येथे याचे.

आम्हांला हे शिकविले ते शेजारच्या एका वृद्ध बाईंनी. त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. येथील रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना नावाने हाक मारतो, परंतु आपसांत बोलताना त्या ‘शेजारच्या आजी’च असतात. एकदा त्यांनी आमच्यापैकी एकीला कोरडा पाव कचऱ्याच्या डब्याकडे नेताना कुंपणावरून पाहिले आणि तेथूनच थांबविले. पुढच्या रविवारी त्या एक जुने, कडेला टवके उडालेले पांढरे भांडे घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

कृती सांगतो. चौघापाचांसाठी दोन दिवसांच्या पांढऱ्या पावाचे आठ काप घ्यावेत. पन्नास ग्रॅम मऊ लोणी त्यांच्या एका बाजूस लावावे आणि प्रत्येक काप तिरका कापून दोन त्रिकोण करावेत. भांड्याला आतून लोणी चोळावे. त्रिकोण एकावर एक थोडे चढवून, कौले शाकारतात तसे रचावेत. दोन थरांच्या मध्ये साठ ग्रॅम बेदाणे पसरावेत. बेदाणे वर राहिले तर जळून कडू होतात, म्हणून ते आतच ठेवावेत. अर्धा लिटर दूध कोमट करावे, उकळू नये. तीन अंडी पन्नास ग्रॅम साखरेबरोबर फेटून त्यांत हे दूध हळूहळू ओतावे, गाळावे आणि पावावर सगळीकडे घालावे. वरून जायफळ किसावे. यानंतर अर्धा तास भांड्याला हात लावू नये. पाव दूध पिऊन फुगला की १८० अंश सेल्सिअसला पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. मधोमध हलके दाबले असता मऊ परंतु आळलेले लागावे, आणि वरच्या कडा कुरकुरीत व्हाव्यात. भांड्याच्या चार कोपऱ्यांत पाव सर्वांत खमंग भाजला जातो. त्या कोपऱ्यांसाठी येथील घरांतून मुलांची भांडणे होतात.

या कृतीत कोवळ्या, ताज्या पावाला स्थान नाही, आणि त्याला कारण आहे. पाव शिळा होतो म्हणजे तो केवळ वाळतो असे नव्हे. भाजताना पिठातील स्टार्च पाणी शोषून मऊ झालेले असते. पाव निवल्यावर ते पुन्हा हळूहळू घट्ट रचनेत बसू लागते. म्हणून हवाबंद डब्यात ठेवलेला पावही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिवट लागतो, आणि फ्रिजमध्ये ही क्रिया अधिकच लवकर होते. असा घट्ट झालेला पाव दूध पितो, तरी आपला आकार सोडत नाही. ताजा पाव त्याच दुधात विरघळून त्याची लापशी होते. आपल्या आयांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. ताज्या भाकरीचा कुस्करा करू गेल्यास त्याचा गोळा होतो. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करली तर ती मोकळी होते आणि फोडणी प्रत्येक कणाला लागते. फोडणीच्या भातालाही आदल्या रात्रीचाच भात हवा. शिळेपणा हा येथे दोष नाही. तो त्या पदार्थाचा पाया आहे.

अंड्यांचीही अशीच गोष्ट. अंड्यातील प्रथिने साधारण ७० ते ८० अंशांच्या दरम्यान आळतात आणि दुधाला धरून ठेवतात. उष्णता त्याहून फार वाढली की ती आकसतात, पाणी सोडतात आणि मिश्रण फाटल्यासारखे दिसते. म्हणूनच काही घरांत पुडिंगाचे भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेवून भाजतात. ज्यांना अंडी वर्ज्य आहेत, त्यांनी कस्टर्ड पावडर वापरावी. या पावडरीचा जन्म आमच्या बर्मिंगहॅममधलाच. अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठापासून हे बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. त्यांच्या नावाचा पुढे उभा राहिलेला कारखाना आता बंद झाला आहे, परंतु डिगबेथ भागातील त्या इमारतींना लोक आजही कस्टर्ड फॅक्टरी म्हणूनच ओळखतात. घरातील एका माणसाच्या पानात काय पडेल, या विवंचनेतून ही पावडर निघाली, हे आम्हांला फार आवडते.

हे पुडिंग मुळात गरिबांचेच होते, असे म्हणता येणार नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गाजलेल्या एलिझा स्मिथ यांच्या ‘द कम्प्लीट हाउसवाइफ’ या पाकपुस्तकात ते आढळते, आणि तेथे लोण्याचा हात चांगलाच सढळ आहे. पुढे ते सामान्यांच्या घरांत, दवाखान्यांत, शाळांच्या भोजनगृहांत उतरले आणि तेथे दूध कमी, पाव अधिक असे झाले. नंतर गेल्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या डॉर्चेस्टर या बड्या हॉटेलातील स्विस मुख्य आचारी अँटन मोसिमान यांनी त्याला पुन्हा श्रीमंती थाटात पेश केले आणि ते नावाजले गेले. एवढ्या प्रवासात त्याचे मूळ कोणी लपविले नाही. शिळ्या पावाचे पुडिंग हे शिळ्या पावाचे पुडिंग म्हणूनच मिरविते.

शेजारच्या आजींचे पुडिंग मात्र युद्धकाळातले. जानेवारी १९४० पासून या देशात शिधावाटप सुरू झाले. प्रमाण वेळोवेळी बदलत असे. परंतु सर्वसाधारणपणे प्रौढ माणसाला आठवड्याला २ औंस म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम लोणी, ८ औंस म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम साखर आणि मिळाले तर एक अंडे, असा हिशेब असे. अंड्यांऐवजी अमेरिकेहून आलेली अंड्यांची पूड डब्यांतून मिळे. खाण्याजोगे अन्न वाया घालविणे हा १९४० पासून दंडाला पात्र असा गुन्हा ठरला होता. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये तर भाजल्यापासून बारा तास उलटल्याखेरीज पाव विकू नये, असा नियमच निघाला होता. कारण ताजा पाव माणूस अधिक खातो आणि शिळ्या पावाचे काप पातळ निघतात. दुसऱ्या महायुद्धात पावावर नियंत्रण आले नाही. ते आले युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८ या काळात. शिधावाटप पूर्णपणे उठले ते १९५४ मध्ये. म्हणजे या आजींचे बालपण आणि शाळेची सर्व वर्षे मोजूनमापून खाण्यात गेली. त्यांच्या आईने पावाच्या डब्यातील एकही तुकडा कधी बाहेर टाकला नाही, हे त्या आजही अभिमानाने सांगतात. लोण्याऐवजी मार्गारीन, अंड्यांऐवजी पूड, बेदाण्यांच्या जागी बागेतले सफरचंद. परंतु रविवारी पुडिंग होत असे.

त्या हे सांगत असताना आम्ही चौघेही गप्प होतो. त्यांच्या अभिमानाचे आम्हांला नवल वाटत होते. शिळे अन्न आणि अभिमान हे दोन शब्द आमच्या घरांत एका वाक्यात कधी आलेच नव्हते.

आपल्या समाजाच्या वाचकांना याचे कारण फोडून सांगावयास नको. परंतु नव्या पिढीसाठी लिहून ठेवणे बरे. येसकर पाळी ज्या घराकडे असे, त्या घरातील माणसाने गावाची कामे करावयाची आणि तिन्हीसांजेला पाटी घेऊन दारोदार ‘जोहार मायबाप’ म्हणत भाकरी मागावयाची. वरून, लांबून, पाटीत तुकडा पडे. कधी तो सकाळचा असे, कधी कालचा, कधी पानातला. त्या तुकड्याची चव कशी असे, हे आमच्या आजी-पणजींनी फारसे सांगितले नाही. तो घेताना मान किती वाकवावी लागे, हे मात्र सांगितले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि असे मागून आणलेले तुकडे सोडून देण्याचा उपदेश केला. पोट भरण्याचे दुसरे साधन हाती नसतानाही घरोघरच्या बायकांनी तो उचलून धरला. पाट्या एकेक करून खाली ठेवल्या गेल्या. काही गावांत हे तेव्हाच झाले, काही गावांत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. या इतिहासातून आलेल्या घरांत ‘शिळे’ हा शब्द साध्या अर्थाने उरत नाही.

आमच्यापैकी एकाची आई दोन वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी येथे आली होती. एकाची आई म्हणजे आम्हां सर्वांचीच आई. वसतिगृहातील ती सवय आम्ही येथेही मोडलेली नाही. आईचा जन्म मराठवाड्यातल्या एका लहान गावातला. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत ती आपल्या आईच्या मागोमाग पाटीबरोबर हिंडलेली आहे. नंतर एके दिवशी पाटी बंद झाली आणि तिच्या आईने ती चुलीत घातली. पुढे संसारात उपासमार झाली, दुष्काळ आले, मुलाला वसतिगृहात ठेवावे लागले. परंतु दुसऱ्याच्या घरचे उरलेले तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. लग्नाकार्यातून कोणी डबा भरून दिला, तर ती तो नम्रपणे परत करी.

आईला घेऊन आम्ही लंडनला गेलो. प्रिमरोज हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन त्याचे स्मारक केले आहे. आई खोल्याखोल्यांतून चप्पल हातात धरून हिंडली. लंडनच्या शिक्षणकाळात त्यांच्या वाट्याला आलेला अपुरा आहार आणि रात्री अभ्यास करताना भूक असह्य झाली की भाजून खाल्लेले पापड, ही हकीकत आपल्या वर्गात गुरुजींनी अनेकदा सांगितली होती. आम्ही ती आईला सांगितली. ती एवढेच म्हणाली, “पापड कुणी दिलं?” ओळखीच्या माणसाने प्रेमाने दिले होते, असे सांगितल्यावर तिने मान हलविली.

त्याच आठवड्यातील रविवारी आम्ही सर्व जमलो होतो. शेजारच्या आजीही आल्या होत्या. पुडिंग ओव्हनमधून निघाले, वाढले गेले. आईच्या नातीने मोठ्या उत्साहाने सांगितले की हे शिळ्या पावाचे आहे आणि ते या आजींनी शिकविले आहे. आईने बशी हळूच पुढे सरकविली. राग नाही, शब्द नाही. केवळ हात मागे घेतला. स्वयंपाकघरात क्षणभर कोणी बोलले नाही. आजींना भाषा कळत नव्हती, परंतु सरकलेली बशी कळली.

मग आईनेच विचारले, “ह्यो पाव कुणाच्या घरचा?”

“आपल्याच घरचा, आई. गुरुवारी आणलेला. चार काप उरले होते, म्हणून काल अजून आणून ठेवला.”

“ह्या बाई बी हेच खात्यात?”

आजींच्या बशीत तेच होते; एकाच भांड्यातले. आईने ते पाहिले आणि आपली बशी जवळ ओढली. पहिला घास तिने हाताने खाल्ला, चमचा नंतर घेतला. आजींनी काय झाले म्हणून विचारले, तेव्हा आमच्यापैकी एकीने त्यांना पाटीची सगळी गोष्ट सांगितली. सांगावयास वेळ लागला. इंग्रजीत त्या गोष्टीला शब्दच कमी पडतात. आजी ऐकत राहिल्या. मग उठून त्यांनी भांड्याच्या कोपऱ्यातला, कडेने कुरकुरीत झालेला तुकडा सुरीने सोडविला आणि आईच्या बशीत वाढला. त्या घरी कोपऱ्याचा तुकडा कोणाला मिळतो, हे एव्हाना आईलाही ठाऊक झाले होते. “लई ग्वाड हाय,” ती म्हणाली, आणि संपविला.

आईचे ते दोन प्रश्न आम्ही नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. पाव किती दिवसांचा, हे तिने विचारले नाही. तो कोणाच्या घरचा आणि देणारा स्वतः तो खातो का, एवढेच विचारले. या दोन प्रश्नांत तिने शिळे आणि उष्टे यांची फारकत करून दाखविली. शिळेपणा काळाने येतो. त्यात कोणाचा अपमान नाही. उष्टेपणा माणसाने माणसाला दिलेला असतो. जे आपण स्वतः खाणार नाही ते दुसऱ्याच्या पाटीत टाकणे, हा उष्टेपणा. मग ते अन्न त्याच घटकेला चुलीवरून उतरलेले का असेना.

आणि येथेच आम्हांला शाळेचे भोजनगृह आठवले. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत, त्यांना सकाळचा भाकरीचा कुस्करा आठवत असेलच. रात्रीच्या उरलेल्या भाकऱ्या, कांदा, हिरवी मिरची, हळद आणि वर मूठभर शेंगदाण्याचे कूट. परीक्षेच्या दिवसांत तर तो अधिक मागितला जाई. स्वयंपाकघरातील मावशींचा एक दंडक होता. पहिल्या दिवशी नव्या मुलांना रांगेत उभे करून त्या सांगत : “ताटात उरलं ते उष्टं, टोपलीत उरलं ते शिळं. उष्टं मी कुणाला देणार नाही, शिळं मी फेकणार नाही.” म्हणून लागेल तेवढेच वाढून घ्यावयाचे आणि ताट स्वच्छ करावयाचे. टोपलीतले झाकून ठेवलेले अन्न सकाळी नवे रूप घेऊन सर्वांपुढे येई. सर्वांपुढे म्हणजे मुलांपुढे, गुरुजींपुढे, मुक्कामाला आलेल्या भन्तेजींपुढे आणि खुद्द मावशींपुढेही. वाढण्याची पाळी प्रत्येकाला येई आणि आपले ताट प्रत्येक जण स्वतः घाशी. त्या वयात आम्हांला हा केवळ शिस्तीचा भाग वाटे. ज्या मुलांच्या आज्या पाटी घेऊन हिंडल्या, त्या मुलांना शाळा येथे कालची भाकरी मान वर करून खावयास शिकवीत होती, हे आता कळते.

सायंकाळच्या परिपाठात सांगितली जाणारी आनंद भन्तेंची गोष्टही याच संदर्भात आठवली. विनयपिटकातील चुल्लवग्गात ती आहे. कोसंबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे भिक्षू काय करणार, अशी राजाला शंका आली आणि त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांचे अभ्रे. त्या अभ्र्यांचे? जमिनीवरील अंथरणी. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी, आणि झाडणी फाटली की त्यांच्या चिंध्या कुटून मातीत कालवून भुई सारवू. राजा संतुष्ट झाला. काटकसरीची म्हणून आम्ही ही गोष्ट ऐकत आलो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हांला आता दिसते. वस्त्र जुने होत जाते, परंतु ते एकाच संघाच्या वापरात राहते. वरच्याने टाकले आणि खालच्याने उचलले, असा प्रकार त्या साखळीत कोठेही नाही.

आपल्या मुलांना हे सांगणे आज अधिक गरजेचे झाले आहे, असे आम्हांला वाटते. येथे वाढणाऱ्या आमच्या मुलांना पाटी ठाऊक नाही, आणि ते चांगलेच आहे. परंतु पाटीच्या भयाने आपण दुसऱ्या टोकाला जात आहोत काय, हेही पाहावयास हवे. लग्नसमारंभांत आणि वाढदिवसांत भरलेली ताटे टाकून उठणे, कालचे म्हणून चांगले अन्न फेकणे, ही आता काही घरांत ऐपतीची खूण होऊ लागली आहे. आपल्या कष्टाचे अन्न फेकून कोणाचा मान वाढत नाही. आणि त्याच वेळी, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती जेव्हा आपण उरलेला डबा देतो, तेव्हा आईचा प्रश्न आपण स्वतःला विचारतो काय? हे मी स्वतः खाईन काय? उत्तर होय असेल, तर तिला आपल्याबरोबर बसवून वाढावे. नाही असेल, तर तो डबा देऊ नये.

हे पुडिंग गावाकडे करण्यासाठी ओव्हन लागतोच असे नाही. मोठ्या पातेल्यात दोन बोटे पाणी घालून, त्यात रिंग ठेवून, वर झाकलेले भांडे मंद आंचेवर पाऊण तास वाफविले तरी ते आळते. वरचा कुरकुरीत पापुद्रा मात्र मिळत नाही. त्यासाठी नंतर तव्यावर लोणी सोडून काप परतून घ्यावेत. लादी पाव असेल तर त्याचे उभे काप करावेत. तो दूध लवकर पितो, म्हणून पाव तासच मुरू द्यावा. शाळेच्या भोजनगृहात एखाद्या रविवारी हे करून पाहावे, अशी विद्यमान मावशींना आमची विनंती आहे. त्यासाठी पाव मात्र शुक्रवारचा ठेवावा, आणि कोपऱ्यांचे तुकडे सर्वांत लहान मुलांना द्यावेत.

ज्या भोजनगृहाने आम्हांला एका पंगतीत बसविले, त्याच्या चुली अशाच पेटत्या राहोत. ज्या गुरुजनांनी आणि मावशींनी तेथे आम्हांला वाढले, त्यांना दीर्घायुष्य लाभो. आणि शाळेच्या पुढील वाटचालीस आम्हां चौघांच्या, आईच्या आणि शेजारच्या आजींच्याही मंगल कामना.